हेमराजच्या नावाची सव्वा मूठ

ब्राह्मणपुरीत नेट बंद पडलं की खापर खापरच्या माणसावर फुटे. तो माणूस म्हणजे हेमराज केबलवाला. गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या खापर गावातून तो फार वर्षांपूर्वी कुणाची तरी डिश नीट करायला म्हणून इकडे शहादा तालुक्यात आला. ती डिश नीट होईपर्यंत त्याचं लग्न झालं, घर झालं, आणि गावभर वायरी झाल्या. आधी टीव्हीच्या, मग नेटच्या. वीज गेली तरी लोक हेमराजलाच बोलत. एकदा तर पाटचारीला पाणी आलं नाही म्हणून कुणी त्याला फोन केला होता, आणि खोटं वाटेल, पण हेमराज बॅटरी घेऊन बघायला गेलाही होता.

माणूस सडपातळ, भिंतीवर घोरपडीसारखा चढणारा. कपाळावर केसांचा असा फुगा की हेमराज गच्चीवर पोचायच्या आधी तो पोचलेला असे. एका वैशाखात सातपुड्याकडून असं वादळ सुटलं की गल्लीतले पत्रे उडून थेट केळीच्या बागांत जाऊन पडले. हेमराज तेव्हा खांबावर होता. खांब वाकला, फुगा हलला नाही. त्याची बायको रुपा म्हणे, "मन्ही भाजीले तेल नही, आनि याना डोकामा तापी वाही ऱ्हायनी."

शहाद्याहून येणारी त्याची मूळ लाईन तुळशीबाईच्या गच्चीवर उतरे, आणि तिथून या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारत गावभर जाई. तुळशीबाई गल्लीत सगळ्यांत वडीलधारी. डोळ्याला चष्मा जाड, पण चष्म्याच्या आतून सगळं दिसे आणि चष्म्याच्या बाहेरूनही. तिने गच्ची दिली ती एकाच अटीवर. दुरुस्तीला आलास तर खाली येऊन चहा पिऊनच जायचं. हेमराजने अट पाळली. खरं म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घरात त्याने चहा प्यायला होता, कळण्याची भाकरी खाल्ली होती, मुलांची भांडणं सोडवली होती. त्याला कुठलाच उंबरा परका नव्हता.

वर्षातला एक दिवस सोडून.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, हार घालून देवीची मांडणी होते आणि त्या दिवशी जे जेवण रांधतात ते रोट. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू एकत्र येतो, दळला जातो, त्याच्या पुरणपोळ्या होतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. लेकी सासरी गेल्या की त्यांना नाही, जावयाला नाही, पाहुण्याला नाही. त्या रविवारी लाईन बिघडली तर हेमराज गच्चीवर काम करी, आणि खालून खिरीचा, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास येई, आणि कोणी त्याला खाली बोलवत नसे. त्याला राग नव्हता. रीत ती रीत. पण खापरला त्याचं स्वतःचं कोणी उरलं नव्हतं, आणि तो वास मात्र दरवर्षी बरोबर त्याच्या फुग्याखाली येऊन थांबे.

आता गावात आली कंपनी. नाव 'सुसाट फायबर'.

कंपनीची अक्कल मानली पाहिजे. नुसती जाहिरात केली नाही. पांढरे बूट घातलेला, गोड जिभेचा अजित नावाचा साहेब पाठवला. अजितने गल्लीत फिरून सांगितलं की मशीन फुकट, पहिले काही महिने फुकट, वायर फुकट, फक्त मोबाईलवर एक आकडा येईल तो सांगा. आता ब्राह्मणपुरीला गॅस सिलेंडरवाल्याने ओटीपीची सवय लावून ठेवलेली. जो ओटीपी मागेल तो आपला माणूस, असा गावाचा समज. तुळशीबाईच्या शेजारच्या जालमआबांनी शेतातून ओरडून ओटीपी सांगितला, तो चार शेतांपलीकडच्या लोकांनीही ऐकला आणि त्यांनीही आपापला सांगून टाकला. तुळशीबाईने तर, "सिलेंडर कोठे शे?" असंही विचारलं.

त्या ओटीपीने काय झालं ते नंतर कळलं. गल्लीने कबूल केलं होतं की सुसाट मुदतीआधी सोडणार नाही. आणि दुसरं, की आपल्या घरावरून, गच्चीवरून, अंगणावरून दुसऱ्या कुठल्याही नेटवाल्याची वायर जाऊ देणार नाही. म्हणजे पाहा, कंपनीने हेमराजशी भांडण केलं नाही, त्याच्याबद्दल एक वावगा शब्द काढला नाही. फक्त त्याच्या पायाखालच्या गच्च्या एकेक करून काढून घेतल्या.

फुकटाचे दिवस संपले तसं सुसाट बसकं झालं. तुळशीबाईची नातसून गायत्री, तिने आपल्या तान्हीचा फोटो माहेरी मोलगीच्या रस्त्यावरच्या गावाला पाठवला. तो पोचेपर्यंत पोरीला दोन दात आले, आणि तिची आई विचारू लागली की ही कोणाची पोर. जालमआबा मॅच बघायला बसत तेव्हा पडद्यावर ते गोल फिरत राही. बघून बघून शेजारी बांधलेल्या बैलाला घेरी आली. आणि दर वाढला तो असा, की भराभर वाढणाऱ्या एरंडानेही लाजावं. तक्रार केली तर फोनवरची बाई म्हणे, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तुळशीबाई तिला दर वेळी म्हणे, "मन्हा बी शे व माय, पन तू उचल तं खरी."

लोक हेमराजकडे परत आले. तो हात जोडून म्हणाला, "गच्ची द्या, नेट देतो." आणि गच्ची द्यायचा अधिकार कोणाकडेच उरला नव्हता.

मग एका दुपारी अजित पुन्हा आला. तुळशीबाईच्या ओट्यासमोर गल्ली गोळा झाली. हेमराज खांबाला टेकून मागे उभा राहिला.

"काका, मावशी, आजी, सगळ्यांना नमस्कार," अजित म्हणाला. "जुन्या वायरी अजून गच्च्यांवर आहेत. त्या उतरवाव्या लागतील. आमची माणसं येऊन उतरवतील, तुम्हाला त्रास नाही."

"आनि आम्हले सुसाट नको व्हई तं?" जालमआबांनी विचारलं.

"मुदत संपली की सोडा ना आबा. कोण अडवतंय?"

"सोडीसन जावानं कोठे?"

अजित हसला. उत्तर त्याच्या पांढऱ्या बुटांइतकं स्वच्छ होतं. जायला कुठे काही ठेवलंच नव्हतं.

हेमराजला ते तेव्हाच कळून चुकलं. सुरतेला त्याचा साला कापड गिरणीत होता आणि दर दिवाळीला म्हणे, ये. या वायरी उतरल्या की ब्राह्मणपुरीत हेमराजचं असं काही राहत नव्हतं. ना शेत, ना बांध, ना भाऊबंद. होत्या त्या वायरीच. त्याने रुपाकडे पाहिलं. ती पदराचं टोक दातात धरून उभी होती.

तेवढ्यात तुळशीबाई ओट्यावरून म्हणाली, "भाऊ, एक इचारू का?"

"विचारा ना आजी."

"मन्ही कपडा वायवानी तार शे, आठेथून जालमना भिंतवर. ती बी काढशी का?"

लोक चुळबुळले. हेमराजच्या मनात आलं, म्हातारी थकली. गावाचं नेट चाललंय, आणि हिला चोळीची तार.

"नाही हो आजी, ती कशाला काढू?"

"आनि लाईट गई का जालम माले मोटरनी वायर फेकस, त्याना इन्व्हर्टरवरथून. ती?"

"ती तर घरगुती झाली. घरच्या माणसाने टाकलेली वायर असेल तर कंपनी तोंड उघडणार नाही. परक्याची तेवढी चालत नाही."

"म्हंजे घरना माणूसनी चाली?"

"शंभरदा चालेल."

"आनि घरना कोन, परका कोन, हाई कोन ठराई? तुमनं ऑफिस?"

"अहो आजी," अजित आता खरंच मोकळा हसला, "तुमच्या घरचं कोण ते आमचं ऑफिस कसं सांगणार? ते तुम्हीच ठरवायचं."

तुळशीबाईने कानामागे हात धरला. "जोरमा सांग भाऊ. मन्हा कान जड शेत."

तिचे कान जड आहेत हे गल्लीला पहिल्यांदाच कळत होतं. तीन गल्ल्या पलीकडे सुनेने सासूला मनातल्या मनात शिवी दिली तरी ती तुळशीबाईला ऐकू जाई. पण अजितला काय माहीत. त्याने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडून सांगितलं, "घरचं कोण, ते तुम्ही ठरवायचं. कंपनी मान्य करेल."

म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. गल्ली साक्षीला होती.

"मंग कवय येशी?" तुळशीबाईने विचारलं.

"पुढच्या रविवारी. रविवारी सगळे घरी असतात."

"ये," ती म्हणाली. "त्या दिवस आम्ही सगळा घरमाच ऱ्हासूत."

हेमराजने त्या दिवशीपासून वायरी गुंडाळायला घेतल्या. कंपनीच्या माणसांनी ओढून तोडण्यापेक्षा आपण नीट सोडवाव्या, असा त्याचा स्वभाव. तुळशीबाईच्या गच्चीवर तो पहिलं वेटोळं करत होता तर ती जिना चढून वर आली. हा जिना ती चार पावसाळ्यांत चढली नव्हती.

"काय करी ऱ्हायना?"

"मावशी, आवरतो. रविवारनंतर सुरत."

"वायर खाले ठेव. आनि उद्या सकायले अंघोय करीसन ये. गहू निवडाना शेत."

"कोणते गहू?"

"गहूना गहू. आनखी कोनता?" म्हणून ती उतरून गेली, आणि हेमराज त्या वेटोळ्याकडे बघत राहिला.

यंदा कानबाई तुळशीबाईकडे बसणार होती. दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीवर भाऊबंदांचे सगळे पुरुष जमले, बायका सुपं घेऊन बसल्या. जालमआबा नावं घेत होते आणि नावागणिक तुळशीबाई सव्वा मूठ गहू परातीत सोडत होती. म्हाताऱ्याचं नाव, तान्ह्याचं नाव, नाशिकला नोकरीला गेलेल्याचंही नाव. नावं संपली. जालमआबांनी उपरणं झटकलं.

तुळशीबाईने आणखी एक मूठ घेतली.

"आते हाई कोना नावनी?" जालमआबा म्हणाले.

"हेमराजना नावनी."

सुपं थांबली. हेमराज दारात उभा होता. त्याला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. मग एकदम त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं. कपड्याची तार, इन्व्हर्टरची वायर, जड कान. म्हातारीने त्या पांढऱ्या बुटाच्या तोंडून कबुली काढून घेतली होती आणि तो बिचारा समजत होता की आपण आजीबाईची समजूत घालतोय. हेमराजने इतक्या वायरी जोडल्या होत्या आयुष्यात, पण अशी जोडणी त्याने पाहिली नव्हती.

"वहिनी," जालमआबा हळूच म्हणाले, "रोट शे हाऊ. परकाले रोट नही चालस. आपला बापदादास्नी..."

"जालम, तू घोडीनी गोट सांग पाहू."

जालमआबांनी पुन्हा उपरणं झटकलं.

आता ती घोडीची गोष्ट सबंध तालुक्याला पाठ होती, कारण जालमआबांनीच ती चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितली होती. त्यांच्या पणज्याची घोडी. कानबाईच्या दिवशी खिडकीतून मान घालून तिने रोटाच्या पोळ्यांची पूर्ण चवड खाल्ली. गावची मोठी माणसं बसली. निवाडा झाला, की रोट खाल्ला म्हणजे घोडी भाऊबंद. पुढे घोडी मेली तेव्हा सगळ्या गल्लीने सुतक पाळलं, पणज्याने मिशी उतरवली. जालमआबा सांगत तेव्हा मिशी दर वेळी थोडी लांब होई. शेवटी शेवटी ती तापीच्या या काठावरून त्या काठाला लागत होती.

"हाई गोट खरी का खोटी?" तुळशीबाईने विचारलं.

जालमआबांची पंचाईत झाली. खोटी म्हणावं तर चाळीस वर्षांची इभ्रत गेली. "खरी," ते म्हणाले.

"मंग आपला भाऊबंदमा घोडी बसस, हेमराज नही बसस का? त्याना पाय तं दोनच शेत."

सुपामागे कोणीतरी फिसकलं. ती रुपा होती.

"हेमराज," जालमआबांनी दाराकडे वळून शेवटचा खडा टाकला, "तू इचार कर. रोट खाधा का सुटका नही. आम्हनामा कोनी गया, मंग तो भावकीमा दूरना का असो, डोकं भादरानं पडस. सगळं. फुगासकट."

हेमराजचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिथेच थांबला. ओसरीवरचे सगळे त्या हाताकडे बघत होते. कधी नव्हे ती सगळी गल्ली त्या फुग्याला मोजत होती.

"भादरसू आबा," तो म्हणाला. त्याला अहिराणी बोलायला कधी कोणी सांगितलं नव्हतं. ते आपसूक आलं.

जालमआबांनी वर बघितलं, पडवीच्या लाकडांची पाहणी केल्यासारखी केली आणि म्हणाले, "टाक वहिनी. पन मूठ भरीसन टाक. मानूस घोडीपेक्षा कमी नको दिसाले."

रविवारी गल्ली पहाटेपासून तव्यावर होती. खापरावर पोळ्या सुटत होत्या. एरवी मातीचं ते उलटं भांडं बघितलं की पोरं हेमराजला चिडवत, हा तुमच्या गावचा नकाशा. आज कोणी चिडवलं नाही. कानबाईला नथ चढली, नैवेद्य झाला, पुरुषांची पंगत बसली. हेमराज रांगेत शेवटी बसला. अंगठे आत दुमडलेले, जणू जागा जास्त अडवली तर उठवतील. समोर पोळी आली, खीर आली, गंगाफळाची भाजी आली. इतकी वर्षं हा वास त्याच्या नाकाच्या उंचीवर होता, आज ताटात उतरला.

आणि त्याच वेळी गल्लीत गाडी थांबली. शिडी बांधलेली. अजित उतरला, मागून पक्कड घेऊन लाईनमन वाहरू उतरला. वाहरू मोलगीकडचा, मिशाळ, कंत्राटावरचा, शब्द मोजून वापरणारा.

"नमस्कार. जेवा, जेवा, चालू द्या," अजित ओट्यावर चढत म्हणाला. "आम्ही गच्चीवरून सुरुवात करतो."

हेमराज उठायला लागला. तुळशीबाई वाढायचं पातेलं तसंच हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"खाय पहिले," ती म्हणाली.

त्याने घास मोडला आणि खाल्ला. पुरण गरम होतं, टाळू भाजली, डोळ्यांत पाणी आलं. ते भाजल्याचंच होतं असं तो नंतर रुपाला सांगत असे. ती विश्वास ठेवत नसे.

"आते चढ," तुळशीबाई अजितला म्हणाली. "पन वर परकानी वायर एक बी नही. पाही ले."

"म्हणजे? ही हेमराजची लाईन आहे ना?"

"हेमराज घरना शे."

अजितने पंगतीकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसं माना हलवत होती, तोंडं भरलेली, म्हणून बोलत नव्हती. शेवटी जालमआबांनी घास गिळला. "आम्हना भाऊबंद शे. तू सांगेल व्हतं ना, घरना कोन ते आम्हीच ठरवाना? आम्ही ठरायं."

"आबा, असं कुठे असतं का?" अजित हसला, पण त्या हसण्याला आता रेंज नव्हती. "कालपर्यंत तो खापरचा होता. एक पोळी खाल्ली म्हणून माणूस घरचा होतो का? पोळी ती पोळी."

"नही व्हत?"

"नाही होत आजी. कंपनी नाही मानणार हे."

"बरं," तुळशीबाई म्हणाली. तिने परातीतून एक पोळी उचलली. पातळ, तांबूस, कडेला तुपाचा थेंब लोंबणारी. ती पोळी तिने अजितच्या समोर धरली. "भूक लागनी व्हई. पोळी ती पोळी. खाय."

बायका चुलीपासून उठून दारात आल्या. अजितचा हात पुढे आला. चांगला अर्ध्यापर्यंत आला. मग पोळीच्या वासात काय होतं कोण जाणे, त्या हाताला तवा लागावा तसा तो मागे गेला.

"नही नही मावशी," त्याच्या तोंडून निघालं, "मन्हा घर बी कानबाई बसस. मन्ही माय माले घरमा नही घेवाव."

बोलला, आणि त्याचं त्यालाच कळलं. नाशिकचं वाटणारं ते गोड, इस्त्रीचं मराठी गळून पडलं होतं आणि आतून दोंडाईच्याकडचा एक पोऱ्या बाहेर आला होता, ज्याच्या घरी आज त्याची आई त्याच्या नावाची सव्वा मूठ धरून वाट बघत असेल, आणि हा सुट्टी न घेता दुसऱ्यांच्या वायरी तोडायला आला होता.

तुळशीबाईने पोळी पुन्हा परातीत ठेवली. तिने विजयाचं काही तोंड केलं नाही. "रोटनी पोळी नुसती पोळी व्हती, मंग हात कसाले मांगे लिधा बापा?"

उत्तर त्या हातानेच दिलं होतं, सगळ्यांसमोर.

वाहरूने पक्कड गाडीत नेऊन टाकली. परत येता येता एवढंच म्हणाला, "साहेब, आमच्याकडे मोलगीला नेट पाहिजे तर झाडावर चढावं लागतं. झाड एकच, माणसं पन्नास. इथे लोकांना दुसरी वायर मिळते तर आपण ती कापायला रविवार घालवतोय." मग ओसरीच्या कडेला बसून त्याने पाणी मागितलं. पाणी रोटात मोजत नाहीत, ते मिळालं.

अजितने फोन काढला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन साहेबांशी बोलला. तुळशीबाईचे कान तेव्हा मुळीच जड नव्हते. तिने नंतर सांगितलं, की तो म्हणत होता, "सर, वायर घरच्या माणसाची निघाली. हो सर. खात्री केली. नाही सर, समजावून सांगणं कठीण आहे, तुमच्याकडे कानबाई बसते का?" त्याच्या साहेबाकडे बसत नव्हती. पण आपल्याच माणसाने भर गल्लीत ओरडून दिलेला शब्द फिरवणंही सोपं नव्हतं. वायर राहिली.

जाताना अजित तुळशीबाईच्या पाया पडला. "मावशी, आता निघालो तर संध्याकाळपर्यंत घरी पोचतो का?"

"पोची जाशी. सुसाट जाय," ती म्हणाली.

त्यानंतर काय झालं ते सांगायला हुशारी लागत नाही. गावात दोन वायरी झाल्या आणि दोन्हींना शिस्त आली. सुसाटचा दर एरंडावरून उतरून मेथीच्या जुडीएवढा झाला. फोनवरची बाई पहिल्या घंटेला उचलू लागली, तुळशीबाईला तिच्याशी बोलायला विषय उरला नाही. गायत्रीच्या पोरीचा फोटो आता इतका झटक्यात जाई, की ती हसायच्या आधीच माहेरी हसलेली दिसे. मुदत संपली तसा ज्याला हेमराज पाहिजे त्याने हेमराज घेतला, ज्याला सुसाट पाहिजे त्याने ते ठेवलं. जालमआबांनी सुसाटच ठेवलं. "भाऊबंदनं नेट घेसू, मंग शिव्या कोले देसू?" असं त्यांचं म्हणणं.

आणि मग दसऱ्याच्या आधी निरोप आला, की व्याऱ्याकडे राहणारे एक चुलत काका गेले. भावकीतले, पण इतके लांबचे की त्यांचं नाव आठवायला जालमआबांना दोन चहा लागले. गल्लीने सुतक धरलं. दहाव्याला नदीकाठी न्हावी बसला, रांग लागली. हेमराज रांगेत आपल्या जागी उभा होता. न्हाव्याने त्याच्या फुग्यावर हात ठेवला आणि विचारलं, "भाऊ, पक्कं?"

"काका व्हता आम्हना," हेमराज म्हणाला.

वस्तरा तीन ठिकाणी अडकला म्हणतात. फुगा उतरला तेव्हा आत वर्षानुवर्षांचं तेल निघालं, त्यात रुपाने दोन दिवस भजी तळली असंही म्हणतात, पण रुपा ते नाकारते.

दुसऱ्या दिवशी हेमराज तुळशीबाईच्या गच्चीवर जोडणी तपासत होता. डोकं उन्हाने तापलं होतं, त्याने गमछा ओला करून बांधला. डोक्यावर ऊन असं थेट कधी लागलं नव्हतं.

खालून जालमआबांचा आवाज आला. त्यांचंही डोकं तसंच, सकाळच्या उन्हात चकाकत होतं.

"हेमराज, नेट बंद शे रे."

"आबा, तुमनं तं सुसाटनं शे. त्यासले फोन करा."

"त्यासले कसाले करू?" जालमआबा चिडून म्हणाले. "भाऊबंद कोन शे, तू का ते?"

हेमराजने पक्कड कमरेला खोचली आणि जिना उतरू लागला.